एनक्लेक्सच्या क्लिनिकल जजमेंट केसेस : गुण नेमके कुठे जातात?

रात्रपाळी (धागाकर्ती)

एनक्लेक्स-आरएनची, म्हणजे अमेरिकेत नर्सिंगच्या परवान्यासाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी हा धागा. मी पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. तेव्हापासून व्यनित (खासगी निरोपांत) एकच प्रश्न येतो, "ताई, किती प्रश्न सोडवलेत?" तर पहिल्या वेळी साडेतीन हजारांच्या वर. दुसऱ्या वेळी त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत.

नापास झालं की जो रिपोर्ट हातात येतो त्यात गुण नसतात. प्रत्येक विभागापुढे फक्त पासिंग स्टँडर्डच्या वर, जवळपास किंवा खाली, एवढंच. माझ्याकडे 'जवळपास' ची रांगच होती. म्हणजे अभ्यास झालेला होता, पण काहीतरी सतत थोडक्यात निसटत होतं. पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं. त्यातले पहिले दहा रडण्यात गेले. उरलेल्यात मी नवे प्रश्न सोडवायचे थांबवले आणि जुन्या चुका काढून बसले.

नव्यांसाठी थोडक्यात: 1 एप्रिल 2023 पासून परीक्षेचं रूप बदललंय. किमान 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. पहिल्या 85 मधले 15 गुणांत धरत नाहीत, आणि ते कोणते हे आपल्याला कळत नाही. उरलेल्या 70 पैकी 18 प्रश्न तीन केसेसवर असतात, एका केसवर सहा. हे सहा उगाच सहा नाहीत. एनसीएसबीएनने (ही परीक्षा तयार करणारी संस्था) निर्णयाच्या सहा पायऱ्या ठरवल्यात आणि केसमधला एकेक प्रश्न एकेका पायरीचा: खुणा टिपणं, त्यांचा अर्थ लावणं, कोणती शंका सगळ्यात आधी ते ठरवणं, उपाय सुचवणं, कृती, आणि शेवटी कृतीचा परिणाम तपासणं.

माझ्या वहीत आधी चुका विषयवार होत्या. हृदय, किडनी, बाळंतपण, मनोविकार. ते सोडलं आणि प्रत्येक चुकीपुढे फक्त पायरीचा आकडा लिहायला लागले. दोन आठवड्यांत पानावर 1 आणि 6 यांचीच गर्दी. मला रोग ओळखता येत होता. पण "हे कशावरून म्हणतेस?" असं विचारलं की मी केसपेपरचं निम्मं पान रंगवायची, आणि काम केल्यावर पेशंटकडे परत नीट बघायची नाही. ड्युटीवरही तसंच करत असणार, देवाला माहीत.

एक केस टाकते. मीच बनवलेली आहे. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं आपण कबूल करून बसतो, त्यामुळे ते कुणी इथे टाकू नका.

बाई 32 वर्षांची. तिसरं बाळंतपण, नॉर्मल डिलिव्हरी, दोन तास झालेत. बाळ 4,200 ग्रॅम. कळा वाढवायला ऑक्सिटोसिन बराच वेळ चालू होतं, एपिड्युरलही (वेदना कमी करायला पाठीतून भूल) दिलेलं. वार पूर्ण पडल्याची नोंद. हिस्टरीत दमा, त्यासाठी ओढायचा पंप घेते.

एक तासापूर्वी: गर्भपिशवी घट्ट, मध्यरेषेत, बेंबीच्या पातळीवर. पॅडवर मध्यम रक्त. पल्स 86, बीपी 118/74.

आत्ता: पिशवी मऊ, बेंबीच्या दोन बोटं वर, उजवीकडे सरकलेली. 15 मिनिटांत पॅड पूर्ण भिजलं, गाठी पडल्या. अंग थरथरतंय. लघवीला जावंसं वाटत नाही म्हणते, शेवटची लघवी पाच तासांपूर्वी, कॅथेटर (लघवीची नळी) काढला तेव्हा. पल्स 112, बीपी 108/70, श्वास 20, सॅच्युरेशन 97 टक्के, ताप 37.7 सेल्सिअस. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) 18,000. डिलिव्हरीच्या आधीचं हिमोग्लोबिन 11.4.

प्रश्न पहिला: लगेच लक्ष द्यायला हव्यात अशा 'आत्ता'च्या नोंदी अधोरेखित करा. गुगल न करता.

पहिला_प्रयत्न

मी करते. मऊ पिशवी, वर आणि उजवीकडे सरकलेली, भिजलेलं पॅड आणि गाठी, पल्स 112, पाच तास लघवी नाही. शिवाय ताप, थरथर आणि डब्ल्यूबीसी 18,000, इन्फेक्शन असू शकतं ना. काही सुटायला नको.

रात्रपाळी

"काही सुटायला नको" यातच माझी पहिली परीक्षा गेली.

तुमच्या पहिल्या पाचही खुणा बरोबर. शेवटच्या तीन जादा. अधोरेखित करण्याच्या प्रश्नात बरोबर खुणेला एक गुण मिळतो आणि चुकीच्या खुणेला एक कापला जातो (शून्याच्या खाली मात्र जात नाही). पाचातून तीन गेले, हातात दोन. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि पाचपैकी दोन.

आता त्या तीन का नाहीत ते बघा. डिलिव्हरीनंतर पहिल्या काही तासांत थरथर पुष्कळ जणींना होते. पहिल्या 24 तासांत 38 पर्यंतचा ताप बहुतेक वेळा श्रमाचा आणि पाणी कमी पडल्याचा. कळांच्या ताणाने डब्ल्यूबीसी वीस-पंचवीस हजारांपर्यंत चढतात, इतर वेळी 18,000 बघून आपण दचकलो असतो तरी. हिमोग्लोबिन तर डिलिव्हरीच्या आधीचं, त्यात आत्ताच्या रक्तस्रावाचं काहीच दिसणार नाही. तुम्ही ते सोडलंत, ते छान केलंत.

दुसरी_खेप

मग हमखास वाटतील तेवढ्याच खुणा कराव्यात का? म्हणजे गुण कापले जाणार नाहीत.

रात्रपाळी

नाही हो, तेही नको. न केलेल्या बरोबर खुणेचा गुण मिळत नाहीच. शिवाय प्रत्येक प्रश्नाची पद्धत वेगळी. 'लागू असतील ते सगळे निवडा' मध्ये चुकीचं निवडलं की गुण कापतात. 'यातले तीन निवडा' असं आकडा देऊन विचारलं तर कापत नाहीत, म्हणून तिथे तीन पूर्ण करायचेच. 2023 च्या आधी 'लागू असतील ते' म्हणजे सगळं बरोबर नाहीतर शून्य होतं, आता अर्धवट उत्तरालाही गुण आहेत. जुन्या मैत्रिणींचे सल्ले ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारायची: ही नोंद मी इनचार्ज सिस्टरला फोनवर सांगेन का? सांगणार असेन तर खूण.

मीठपाणी

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. "निम्मेसुद्धा प्रश्न नाही केले" हे वाचून पोरं अभ्यास सोडतील. मी आयसीयूत ब्रदर आहे. खूण ओळखायला आधी नॉर्मल किती हे तोंडपाठ लागतं. वर ताईंनी बाळंतिणीचे डब्ल्यूबीसी सांगितले ते कुठल्या पायरीतून आले? पाठांतरातून आले.

माझं उदाहरण घ्या. डीकेएची केस, म्हणजे मधुमेहात रक्तात आम्ल साठतं ती. शुगर 480, श्वास खोल आणि जोरात, पोटॅशियम 3.0. पुढची कृती काय? मी डोळे झाकून इन्सुलिन ड्रिप निवडलं. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, आधीच 3.0 आहे, आणखी उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी पोटॅशियम द्यायचं, मग इन्सुलिन. 3.5 ते 5.0 हा आकडा डोक्यात ठोकून बसला नसेल तर सहा पायऱ्या काय कामाच्या? हजारो प्रश्न केले म्हणून तो बसला.

रात्रपाळी

दादा, मान्य. माझे साडेतीन हजार आधी झाले होते म्हणूनच दुसऱ्यांदा कमी पुरले, हे मी लिहायला हवं होतं. शून्यातून सुरू करणाऱ्याने माझा दुसरा आकडा धरू नये.

पण एक विचारते. त्या केसमध्ये 3.0 हा आकडा तुम्हाला माहीत नव्हता, की वाचलाच नव्हता?

मीठपाणी

...वाचला नव्हता. शुगर 480 दिसली आणि पुढचं सगळं धूसर झालं. लॅबच्या टॅबवर गेलोच नाही.

रात्रपाळी

म्हणजे पायरी 1. वहीत लिहा.

जुनी सिस्टर

नमस्कार. मी बरीच वर्षं लेबर रूममध्येच आहे, मुलीसाठी धागा वाचतेय. बाळंतिणीच्या केसवर माझं म्हणणं: पिशवी उजवीकडे आणि वर सरकली म्हणजे लघवीची पिशवी भरलीय. ती रिकामी केल्याशिवाय गर्भपिशवी आकसणारच नाही. आम्ही आधी लघवी करवून घेतो. पहिली कृती तीच असणार ना?

पहिला_प्रयत्न

माझ्या क्लासच्या नोट्समध्ये पण 'सरकलेली = लघवी' असंच लिहिलंय.

रात्रपाळी

सिस्टर, तुमच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही, पण परीक्षेसाठी घालते.

पिशवी घट्ट असती आणि नुसती उजवीकडे सरकलेली असती, रक्त बेताचं असतं, तर आधी लघवी, शंभर टक्के. इथे ती मऊ आहे आणि पंधरा मिनिटांत पॅड गेलंय. हात आत्ता पोटावर गेला पाहिजे. एक हात खाली, जघनाच्या हाडाच्या जरा वर, आधाराला; दुसऱ्याने वरून चोळायचं. खालचा आधार नसेल तर पिशवी उलटून खाली यायचा धोका असतो. चोळता चोळताच हाक मारून मदत बोलवायची, आणि दुसरी आली की लगेच कॅथेटर. तुमचं कारण बरोबरच आहे, लघवीची पिशवी रिकामी झाल्याशिवाय चोळलेलं टिकणार नाही. फरक पहिल्या मिनिटापुरता आहे.

उत्तरात "पेशंटला चालवत बाथरूमला न्या" असा पर्याय असेल तर तो तर नकोच. पल्स 112, एपिड्युरलचे पाय, ती वाटेतच पडेल. आणि "लघवीला जावंसं वाटत नाही" या तिच्या बोलण्यावरही जाऊ नका. एपिड्युरलने ती जाणीवच बोथट झालेली असते.

जुनी सिस्टर

हं. खरं सांगायचं तर हात आमचाही आधी पोटावरच जातो, तोंडाने फक्त "कॅथेटर आणा" म्हणतो. हातांची सवय इतकी मुरलेली असते की आपण काय केलं ते सांगता येत नाही.

दुसरी_खेप

सिस्टर, हे वाक्य छापून भिंतीवर लावते. परीक्षेत माझं नेमकं तेच होतं. हात बरोबर, पण चार पर्यायांतून एक निवडायचा म्हटलं की गाडी अडते.

रात्रपाळी

प्रश्न दुसरा आणि तिसरा भरभर उरकते. दुसऱ्यात एक तक्ता होता समजा: अ‍ॅटनी म्हणजे पिशवीचा सैलपणा, योनिमार्गातली जखम, अडकलेला वारेचा तुकडा. कोणती नोंद कशाशी जुळते? मऊपणा अ‍ॅटनीशी. मोठं बाळ, तिसरी खेप, बराच वेळ चाललेलं ऑक्सिटोसिन, हे धोकेही तिकडेच. तिसऱ्यात रिकाम्या जागा: या बाईला सगळ्यात मोठा धोका *हायपोव्होलेमिक शॉक*चा (रक्त कमी होऊन येणारा शॉक), कारण *अ‍ॅटनी*. दोन्ही रकाने एकमेकांना बांधलेले असतात. कारण चुकलं तर बरोबर धोक्यालाही गुण नाही. म्हणून वाक्य पूर्ण वाचून बघायचं, तोंडाने, 'कारण' सकट.

चौथा मात्र सविस्तर. या ऑर्डर्सपैकी कोणती अपेक्षित, कोणती घातक: ऑक्सिटोसिन शिरेतून, मिथाइलअर्गोमेट्रिन स्नायूत, कार्बोप्रोस्ट स्नायूत (ही तिन्ही गर्भपिशवी आकसवणारी), रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड शिरेतून, कॅथेटर.

पहिला_प्रयत्न

कार्बोप्रोस्ट घातक! दमा!! हिस्टरी वाचली या वेळी :-)

मिथाइलअर्गोमेट्रिन बीपी जास्त असेल तर नको, इथे 108/70 म्हणजे चालेल. ट्रानेक्झामिकचं माहीत नाही.

मीठपाणी

ट्रानेक्झामिक डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत. इथे दोन झालेत, चालेल. एक ग्रॅम सावकाश शिरेतून. बघा, पुन्हा पाठांतर ;-)

रात्रपाळी

दोघांचंही बरोबर. दमा पहिल्या टॅबवर एका ओळीत होता आणि कामाला आला चौथ्या प्रश्नात. म्हणून मी केस उघडली की आधी सगळे टॅब बघायची, नर्सेस नोट्स, व्हायटल्स, लॅब, हिस्टरी, ऑर्डर्स, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाला परत बघायची, कारण मध्येच नवी नोंद येते. मागच्या प्रश्नाचं उत्तर बदलायला परत जाता येत नाही, पण टॅब समोर असतात.

दुसरी_खेप

वेळ पुरतो का एवढं वाचायला? पाच तास भागिले 150, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं.

रात्रपाळी

केसच्या पहिल्या प्रश्नाला मी चार-चार मिनिटं घेतली, पुढच्या पाचांत ती वसूल होतात. साधे एकेरी प्रश्न मिनिटभरात होतात. दोन तासांनी ब्रेक मिळतो तो घ्या. त्याची मिनिटं पाच तासांतूनच जातात, तरी घ्या. मी पहिल्या वेळी न घेता बसले आणि शेवटचे प्रश्न नुसते डोळ्यांखालून घातले.

फक्त_वाचक

जरा अवांतर. माझ्या मैत्रिणीचा संगणक 85 ला बंद झाला. म्हणजे पास ना?

मीठपाणी

असं काही नाही. तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. 85 ला वरची खात्री पटते तशी खालचीही पटते. 150 पर्यंत गेलेलेही पास होतात. मैत्रिणीला निकाल येईपर्यंत पेढे थांबवायला सांगा.

दुसरी_खेप

मला एका केसवर मत हवंय. ऑपरेशननंतरचा पेशंट, मॉर्फिनचा पीसीए पंप (पेशंट बटण दाबून स्वतः वेदनेचं औषध घेतो तो). श्वास मिनिटाला 8, हलवलं तर डोळे उघडतो, पुन्हा मिटतो. सॅच्युरेशन 89. पर्याय: प्रोव्हायडरला (डॉक्टरांना) कळवा, पंप थांबवून ऑक्सिजन लावा, वेदना किती ते विचारा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मी प्रोव्हायडर निवडलं, चूक आलं. आमच्याकडे डॉक्टरांना न सांगता काही केलं तर शिव्या बसतात.

रात्रपाळी

ही चूक आपल्यापैकी निम्म्यांची असेल. परीक्षेतल्या हॉस्पिटलमध्ये शिव्या बसत नाहीत, माणसं पुरेशी असतात आणि सामान जागेवर असतं. 8 श्वासांवर फोन लावून थांबलात तर फोन उचलेपर्यंत 6 होतील. पंप थांबवणं, उठवून श्वास घ्यायला लावणं, ऑक्सिजन, हे तुमच्या हातातलं. नालोक्सोनची (मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध) ऑर्डर असेल तर तेही. फोन त्यापाठोपाठ.

याची पायरी 6 पण वाचून ठेवा. नालोक्सोनने तो टक्क जागा होईल आणि तुम्हाला वाटेल सुटलो. त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, तासाभरात पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. बघत राहावं लागतं.

जुनी सिस्टर

फोन आधी करायचा असं कधी असतं मग? मुलगी विचारतेय.

रात्रपाळी

जेव्हा तुमच्या हातात करण्यासारखं उरलेलं नसतं, किंवा तपासून झालेलं असतं आणि पुढचं औषध ऑर्डरशिवाय देता येत नाही. थायरॉइड काढलेली बाई, ओठाभोवती मुंग्या येतायत, बोटं आखडतायत, म्हणजे कॅल्शियम उतरलंय. श्वास तपासलात, ठीक आहे. आता कॅल्शियम हवं, ते ऑर्डरशिवाय नाही. तिथे फोन. पर्यायांमध्ये अजून एक 'तपासा' दिसलं म्हणून तेच निवडायचं नाही. "आधी असेसमेंट" हा मंत्र क्लासमध्ये इतका घोटून घेतात की मुलं मरणाऱ्याचं पण वजन करतात.

पहिला_प्रयत्न

ताई, बो-टाय प्रकारच्या प्रश्नाचं काय? त्याचं चित्र बघूनच घाबरायला होतं.

रात्रपाळी

मध्ये एक आजार, डावीकडे दोन कृती, उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी. पाच खोके, पाच गुण, चुकीचे कापत नाहीत. मध्यातला खोका आधी भरा, कारण मध्य चुकला की दोन्ही बाजू त्याच्यामागे वाहवत जातात. एवढंच, त्याचा बाऊ नको.

आता बाळंतिणीचा सहावा (पाचवा, कृतीचा, वर सिस्टरांशी बोलताना झालाच). चोळलं, कॅथेटर घातला, 700 मिली लघवी निघाली, ऑक्सिटोसिन वाढवलं. वीस मिनिटांनंतरच्या नोंदी:

पिशवी घट्ट, मध्यरेषेत, बेंबीच्या पातळीवर.
नव्या पॅडवर छोटा डाग.
पल्स 108, बीपी 106/70.
कुशीवर वळवल्यावर कमरेखालच्या चादरीवर लाल रक्ताचा ताटाएवढा ओला डाग, मार्गातून बारीक धार चालू.

प्रत्येक नोंदीपुढे 'उपचार लागू पडला' किंवा 'नाही' लिहा. आणि एका वाक्यात, पुढे काय?

पहिला_प्रयत्न

पिशवी: लागू पडला. पॅड: लागू पडला. पल्स-बीपी: थोडं सुधारलं, लागू पडला. चादर: आधीचं रक्त असेल ना? पुढे: दर पंधरा मिनिटांनी तपासत राहायचं.

दुसरी_खेप

मी पण हेच लिहिलं असतं. 700 मिली निघाली म्हटल्यावर मी तर मनात हुश्श केलं.

मीठपाणी

पल्स 112 वरून 108, याला सुधारणा म्हणायचं? आयसीयूत आम्ही याला जैसे थे म्हणतो. आणि बीपीवर विसंबू नका. धडधाकट बाईचं बीपी पुष्कळ रक्त जाईपर्यंत टिकून राहतं, पल्स आधी बोलते.

जुनी सिस्टर

चादर आधीची नाही. ओली आहे, लाल आहे, आणि धार चालू आहे असं लिहिलंय. पिशवी दगडासारखी घट्ट आणि तरी लाल रक्ताची धार, याचा अर्थ कुठेतरी फाटलंय. बाळ सव्वाचार किलोचं होतं! पॅडवर कमी दिसतंय कारण ती उताणी झोपलीय, रक्त मागून पाठीखाली जातंय. आता चोळत बसून काही होणार नाही. प्रोव्हायडरला बोलवायचं, उजेड लावून बघायचं, टाके घालायचे.

माफ करा, इथे मला राहवलं नाही.

रात्रपाळी

सिस्टर, अगदी हेच. पहिल्या ओळीचं उत्तर 'लागू पडला', म्हणजे अ‍ॅटनी आटोक्यात. पल्स आणि चादर 'नाही'. पॅड एकटं पाहिलं तर 'लागू पडला' वाटतं, आणि तिथेच फसगत आहे. दुसऱ्या प्रश्नात आपण जखम हा पर्याय मागे टाकला होता, तो इथे पुढे आला. सहावी पायरी म्हणजे पुन्हा पहिली, फक्त नोंदी नव्या.

आणि सरावासाठी वेगळी केस शोधायची गरज नाही. ड्युटीवर हँडओव्हर घेताना समोरची पहिली दोन वाक्यं बोलली की मनात ठरवा, मी जाऊन आधी काय बघणार. मग पुढचं ऐका. पेशंटचं नाव-गाव वहीत उतरवू नका, इथे तर नाहीच.

फक्त_वाचक

वाचनखूण साठवली. रोज किती केसेस कराव्यात?

रात्रपाळी

मी दोन करायची. बारा प्रश्न अर्ध्या तासात, मग त्या बारांवर तासभर. पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचं उत्तर म्हणायचं, मग हात काढायचा. घरचे विचारायचे कुणाशी बोलतेस.

पहिला_प्रयत्न

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. वहीची कालची पानं, जशीच्या तशी:

केस 14, पायरी 1. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटचं सॅच्युरेशन 90 बघून खूण केली. त्याचं ते नेहमीचंच होतं, हिस्टरीत लिहिलेलं.
केस 15, पायरी 4. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) द्यायचं म्हटलं. पल्स 52, उलट्या, पोटॅशियम कमी, तिन्ही वाचलं होतं, जोडलं नाही. ही खरं तर पायरी 2.
केस 16, सगळं बरोबर.
केस 17, पायरी 6. थायरॉइडचं ऑपरेशन. गळ्यावरचं ड्रेसिंग कोरडं होतं म्हणून 'लागू पडला' लिहिलं. मानेमागची उशी वाचली नाही.

जुनी सिस्टर

उशी पण तशीच, रक्त मागेच जातं. मुलीला हे दाखवते.